त्रेचाळीस चौरस फुटांचा मुक्काम

गाडीची आतली लांबी नऊ फूट दोन इंच, रुंदी चार फूट आठ इंच. गुणाकार त्रेचाळीस चौरस फुटांपेक्षा किंचित कमी येतो. मी चिपळूणला मोजणी खात्यात भूकरमापक आहे. लोकांच्या जमिनी मोजून देणं हेच माझं काम, त्यामुळे गाडी ताब्यात घेण्याआधी मी ती टेपने मोजली, कागदावर तिचा नकाशा काढला आणि त्यात तीन माणसं झोपवून पाहिली. कागदावर ती व्यवस्थित झोपली.

गाडी माझ्या एका शाळासोबत्याची. छोट्या मालवाहू व्हॅनला खिडक्या पाडून त्याने तिची कॅम्पर केली आहे. मागे फळ्यांचा बिछाना, त्याच्यावर घडी होणारी एक फळी, दाराशी एकाच बर्नरची शेगडी आणि टपावर चाळीस लिटरची पाण्याची टाकी. नववीतली माझी मुलगी मृणाल अशा गाड्यांचे व्हिडिओ वर्षभर बघत होती. माझी बायको सुनीता हिला गिरगाव आणि दादर एकदा निवांत बघायचं होतं. सव्वीस जानेवारीला जोडून शनिवार-रविवार आले, तेव्हा दोघींनी मिळून मला तयार केलं.

मुंबईत काळाचौकीला माझे सख्खे काका राहतात. त्यांच्या चाळीतल्या खोलीत राहून मी तीन वर्षं डिप्लोमा केला. खोली दहा बाय बारा. पावसाळ्यात गॅलरीत झोपणारे आत आले की आम्ही अकरा जण व्हायचो. आता चाळीच्या जागी टॉवर आहे आणि काका-काकी सतराव्या मजल्यावर दोघंच असतात. काका अठ्ठ्याहत्तरचे, काकी बहात्तरच्या. त्यांच्यावर तीन माणसांचा स्वयंपाक, अंथरुणं, आंघोळीचं पाणी टाकायचं मला पटेना. येतोय म्हणून आधी फोन केलाच होता. गाडी ठरल्यावर पुन्हा केला आणि सांगितलं, आम्ही गाडीतच राहू, तुम्हाला त्रास नको. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ये." मी त्याचा अर्थ 'बरं' असा घेतला.

गिरगाव, शनिवार

पहाटे दोनला निघून साडेआठला चौपाटीवर पोहोचलो. समुद्र आम्हाला नवीन नाही, पण समुद्राला पाठ लावून उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारती मृणाल मोजायला लागली आणि एका इमारतीच्या सत्तेचाळिसाव्या मजल्यावर तिची नजर हुकली. पुन्हा खालून सुरुवात करावी लागली.

सुनीताने गाडीचं बाजूचं दार उघडून पोहे टाकले. झाकण ठेवते न ठेवते तोच हवालदार आले. रस्त्यावर स्वयंपाक चालत नाही, म्हणाले. मी ताबडतोब गॅस बंद केला आणि मला नियम माहीत नव्हता हे कबूल केलं. त्यांनी वाकून आत पाहिलं. बिछाना, डबे, दोरीवरचा टॉवेल, सगळं नीट पाहिलं. मग विचारलं, "कुठून आलात?"

"चिपळूण."

"मुंबईत कोणी नाही तुमचं?"

मी सांगितलं, सख्खे काका आहेत, काळाचौकीला.

"मग भांडण आहे का?"

"नाही हो."

"भांडण नाही," ते पंचनाम्यात लिहावं तसं सावकाश म्हणाले, "आणि गाडीत राहता."

त्यांना त्रास नको म्हणून, असं म्हणालो, पण भर रस्त्यात, खाकी कपड्यांसमोर ते वाक्य मला स्वतःलाच लंगडं वाटलं. सुनीताने अर्धकच्चे पोहे बशीत घालून पुढे केले. हवालदार मूळचे देवरुखचे निघाले. त्यांनी उभ्याउभ्या पोहे खाल्ले, मिरची कमी आहे म्हणाले आणि आम्हाला सशुल्क पार्किंगची जागा दाखवली. जाताना ते सुनीताला म्हणाले, "माझ्या चुलत्याने मला असा बघितला असता ना वहिनी, तर गाडीसकट उचलून घरात नेला असता."

सुनीता दिवसभर ते वाक्य अधूनमधून म्हणत राहिली.

गिरगावात आम्ही पायी हिंडलो. लाकडी कठड्यांच्या चाळी अजून आहेत. एका कठड्यावर लोणच्याच्या बरण्या उन्हाला ठेवल्या होत्या, आणि बरोबर मागे क्रेन फिरत होती. आमच्याकडे दुपारी एकला बाजारपेठ झोपते, इथे झोपण्याचं नाव नाही. एका खानावळीत वालाचं बिरडं आणि सोलकढी मिळाली. सोलकढीची दुसरी वाटी मालकांनी न विचारता ठेवली. मृणालने विचारलं, तिसरी मागितली तर चालेल का. सुनीता म्हणाली, माग, पण नंतर काकी-आजीकडे पोट भरलंय म्हणालीस तर ऐकणार नाही.

काळाचौकी, शनिवार दुपार

टॉवरच्या पार्किंगच्या तोंडाशी लोखंडी आडवी दांडी आहे आणि तिच्यावर उंचीची मर्यादा लिहिली आहे, साडेसहा फूट. टाकीसकट आमची गाडी सात फूट एक इंच. मी तरी टेप काढून दांडीची उंची मोजली. वॉचमन हसला. "साहेब, लिहिलंय ना तिथं." लिहिलेलं बरोबर होतं.

गाडी बाहेर भिंतीला लागून लावायला त्याने परवानगी दिली. आत जाताना मला पार्किंगची एक आखलेली जागा रिकामी दिसली, ती मी पावलांनी मोजली. आठ बाय साडेसोळा, म्हणजे एकशे बत्तीस चौरस फूट. एका मोटारीला एकशे बत्तीस. आम्ही अकरा जण एकशे वीसमध्ये होतो. मी तो आकडा दोनदा तपासला, आणि तो मनातून जाईना. मग सवयीने आणखी एक भागाकार केला. खोलीत माणशी अकरा फूटही येत नव्हते, आमच्या कॅम्परमध्ये सव्वाचौदा येत होते. जिला आम्ही अडचण समजत होतो, ती गाडी काकांच्या खोलीपेक्षा ऐसपैस होती.

गेटवरच्या रजिस्टरमध्ये नाव, फ्लॅट नंबर, येण्याची वेळ आणि जाण्याची वेळ असे रकाने आहेत. जाण्याची वेळ मी अंदाजाने आधीच लिहून टाकली, साडेसात. मागे कोणीतरी उभं आहे असं वाटलं म्हणून वळलो, तर काका खाली उतरले होते. त्यांनी रजिस्टरकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. मग बाहेर जाऊन गाडीला एक फेरी मारली, आत डोकावलेसुद्धा नाहीत.

"यात झोपणार?"

"हो काका. सगळी सोय आहे."

"चल. चहा होईल तेवढा वेळ तरी वर ये."

वर काकींनी चहा नाही, जेवणच मांडलं होतं. बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी, ओल्या काजूची उसळ. ओले काजू जानेवारीत कुठे मिळाले, ते त्यांनी सांगितलं नाही. आम्ही गिरगावात जेवून आलो हे सांगायची माझी हिंमत झाली नाही, सुनीताने डोळ्यांनीच दटावलं. काका आमच्याबरोबर बसले, पण माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मृणालला मात्र मासा कसा सोडवायचा ते दाखवत होते. जेवून ते आतल्या खोलीत गेले.

मृणाल हात धुवायला गेली आणि परत येऊन म्हणाली, "आजी, कपाटाशेजारी एवढ्या गाद्या का आहेत? प्लास्टिकमध्ये?"

काकी ताटं उचलत होत्या. उचलता उचलताच बोलल्या, आणि आवाज वाढवला नाही.

"सहा आहेत. इथं आलो तेव्हा घेतल्या. ते म्हणाले, आता जागा झाली, माणसं येतील, कुणाला जमिनीवर नको झोपवायला. चार वर्षं झाली. कुणी राहायला आलंच नाही रे विलास. येतात, चहा घेतात, जातात. सगळे म्हणतात, तुम्हाला त्रास नको."

मी माझं ताट पुढे सरकवलं.

"तुझा पहिला फोन आला, तेव्हा ह्यांनी गाद्या काढल्या. दोन दिवस गच्चीवर उन्हात टाकल्या, राखण करत बसले. मग तुझा दुसरा फोन आला. पुन्हा प्लास्टिक चढवलं, एकट्याने. मला हात लावू दिला नाही."

मला असा धक्का पूर्वी बसलेला आठवत नाही. मी ज्याला हिशेबीपणा, दुसऱ्याची काळजी समजत होतो, त्याने एका म्हाताऱ्या माणसाला सहा गाद्या पुन्हा गुंडाळायला लावल्या होत्या. मी उठून आतल्या खोलीत गेलो. काका खिडकीशी बसले होते. मी म्हणालो, काका, आम्ही वरच झोपतो.

ते वळले. "काकीने सांगितलं वाटतं. आता दया नको. गाडी आणलीस ना, गाडीत झोप."

साडेसातला आम्ही खाली उतरलो. मी लिहिलेली वेळ बरोबर निघाली.

भिंतीला लागून, रविवार

रात्रीचं वर्णन लांबवत नाही. डास होतेच. कागदावर सुनीता आणि मी बाजूबाजूला आणि मृणाल वरच्या फळीवर असा नकाशा होता. प्रत्यक्षात फळीचा एक बोल्ट निसटला आणि मृणाल तिरकी होत होत आमच्या पायांवर आली. कोणाला लागलं नाही. त्यानंतर तिघांपैकी एकाने कूस बदलायची तर बाकी दोघांनी उठायचं, असं चाललं.

सहा वाजता दारावर थाप पडली. काका होते, हातात दुधाची पिशवी. त्यांनी लटकती फळी पाहिली, माझं तोंड पाहिलं.

"मोजून घेतली होतीस ना?"

मृणाल हसली आणि मग मला बघून थांबली. मी खरं तेच सांगितलं. काका, मोजली होती, पण तिच्यात माणसं झोपवता आली नाहीत. खोलीत तुम्ही अकरा जण कसे झोपवत होता ते मी तीन वर्षं बघितलं आणि कधी लिहून घेतलं नाही. जरा लावून द्या.

ही युक्ती नव्हती. मला खरंच माहीत नव्हतं. त्या खोलीत कोणी कुठे झोपायचं हे फक्त काका ठरवायचे. गावाहून रात्री-अपरात्री कोणी आलं तरी झोपलेल्यांना न उठवता ते त्याच्यापुरती फट शोधून काढायचे. कोणाला परत पाठवल्याचं मी पाहिलेलं नाही. गिरणीत ते तुटलेलं सूत सांधायचे, पण त्यापेक्षा त्यांना घरच्या या कामाचा अभिमान जास्त होता.

काकांनी दुधाची पिशवी सुनीताकडे दिली, चपला बाहेर काढल्या आणि आत चढले. वितीने बिछाना मोजला. टेप देऊ का विचारलं तर नुसता हात हलवला.

"तू सगळ्यांची डोकी एकीकडे ठेवलीस. म्हणजे सगळे खांदे एका रेषेत आले. खांदाच रुंद असतो रे माणसाचा. एकाचं डोकं इकडे, दुसऱ्याचं तिकडे. खांद्यापाशी दुसऱ्याचे पाय आले पाहिजेत." त्यांनी मृणालला मधे उलट्या दिशेने झोपवलं, सुनीताला खिडकीकडे, मला दाराकडे. मग स्वतः चौथे आडवे झाले. जागा उरली.

"काकीला बोलाव. पाच होतात."

त्रेचाळीस भागिले पाच, माणशी साडेआठ फूट. मी तीस वर्षं जमीन मोजतोय, आणि तो भागाकार माझ्या नकाशात कुठेच बसला नसता. मी थक्क होऊन छताकडे बघत पडलो. काकांचे पाय माझ्या खांद्याशी होते. ते पाय मला ओळखीचे वाटले, तेव्हाही ते तिथेच असायचे. मग काका म्हणाले, दूध नासेल, आणि उठले. राहण्याबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही, आणि माझीही पुन्हा विचारायची छाती झाली नाही.

दादर, लालबाग

दुपारच्या आधीच पाचही जण गाडीतून निघालो. काका पुढे माझ्या शेजारी, तिघी मागे. दादरच्या फुलबाजारात काकींनी शेवंती घेतली आणि झेंडू नाकाशी धरून परत ठेवला, कालचा आहे म्हणाल्या. आमच्याकडे दारातली फुलं कोणी विकत घेत नाही; इथे माणसं फुलांची गोणी डोक्यावरून नेताना 'बाजू, बाजू' ओरडतात आणि खरंच बाजूला व्हावं लागतं. मृणालचा एक पाय पाकळ्यांच्या चिखलात गेला. चप्पल काढायला काकाच वाकले. पियूष प्यायलो. काका मधूनमधून मला वाट दाखवत होते, पण 'डावीकडे', 'थांब' याच्या पलीकडे नाही.

परतीला लालबागला मसाल्याच्या गल्लीत थांबलो. गल्लीच्या तोंडापासूनच शिंका सुरू होतात. काकी जिथून पन्नास वर्षं मसाला कुटून घेतात, तिथल्या बाईंनी मिरच्या निवडता निवडता विचारलं, "पाहुणे काय?"

काका म्हणाले, "पाहुणे कसले. गाडीवाले आहेत. स्वतःचं घर बरोबर घेऊन फिरतात."

बाई हसल्या. सुनीताही हसली, पण कसंनुसं. बाईंनी आपलं सहज विचारलं, "मग मुक्काम किती दिवस?"

काकी धण्यांत बोटं फिरवत राहिल्या. काका समोरच्या दुकानाची पाटी वाचत होते, ती त्यांनी हजार वेळा वाचली असणार. मला हवालदार आठवले. मी म्हणालो, "उद्या सकाळपर्यंत. काकांच्याच घरी."

काकांनी पाटीवरची नजर काढली नाही. मी वाट बघत होतो, 'दया नको' पुन्हा येतं का. मिरच्या तराजूत पडल्या, काटा स्थिर झाला.

"मग लवकर निघायला हवं," ते काकींना म्हणाले. "गाद्यांना ऊन दाखवायचंय. गच्चीवर चारनंतर सावली येते."

काकींनी बाईंना सांगितलं, मसाला अर्धा किलो नको, पाऊण कर.

गेटवर पुन्हा रजिस्टर होतं. तीन वाजून वीस मिनिटं लिहिली. वॉचमन कोणाशी तरी फोनवर बोलत होता, तेवढ्यात मी मागची पानं उलटली. मला कोणी सांगितलं नव्हतं. आकड्यांचे रकाने दिसले की माझा हात तिकडे जातो. रजिस्टर गणपतीनंतर सुरू झालेलं होतं. काकांच्या फ्लॅटच्या नावावर, कालची नोंद सोडून, नऊ नोंदी. त्यांतल्या पाच गॅस, कुरियर, दुरुस्तीवाले अशा. माणसं चार. त्या चौघांत सगळ्यात जास्त थांबलेला पाहुणा पन्नास मिनिटं थांबला होता. सगळ्यात कमी थांबलेला पस्तीस मिनिटं, आत अकरा वीस, बाहेर अकरा पंचावन्न. नाव वाचायची गरज पडली नाही. अक्षर माझं होतं. नोव्हेंबरात फोर्टला कचेरीच्या कामाला आलो होतो, जाता जाता डोकावलो होतो, आणि वेळात वेळ काढून भेटलो म्हणून स्वतःवर खूशही झालो होतो.

काकांनी माझ्या खांद्यावरून पाहिलं. "जाण्याची वेळ लिहिली नाहीस?"

"नाही."

"बरं केलंस," ते म्हणाले, आणि वॉचमनला सांगितलं, तो रकाना मोकळा राहू दे.

सोमवार

आदल्या रात्री हॉलमध्ये पाच गाद्या अंथरल्या. फ्लॅट तीनशे चौरस फुटांचा, प्रत्येकाला वेगळी खोली नसली तरी वेगळा कोपरा सहज मिळाला असता, पण काकांनी पाचही एकाला एक लावल्या आणि डोकी उलटसुलट ठेवली. सुनीता मला हळूच म्हणाली, इतकी जागा असताना कशाला? मी म्हणालो, त्यांनाच करू दे. सहावी गादी त्यांनी भिंतीशी घडी करून ठेवली. कोणी आलंच तर, म्हणाले.

सकाळी सोसायटीच्या झेंडावंदनाला गेलो. शेजारचे लोक काकांना विचारत होते, हे कोण, आणि काका प्रत्येकाला पूर्ण उत्तर देत होते. माझं नाव, गाव, हुद्दा, मृणालची इयत्ता, आणि शेवटी, "राहायला आलेत." वाटलेली जिलबी मृणालने तीनदा घेतली. काकींनी आमच्या चाळीस लिटरच्या टाकीत स्वतः नळी धरून पाणी भरलं आणि ती टाकी किती लहान आहे यावर माझं डोकं खाल्लं.

निघताना वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. मी जाण्याची वेळ लिहिली, दुसऱ्या दिवशीची, सव्वादहा. अठरा तास पंचावन्न मिनिटं. त्याने आकडा पाहिला आणि ही वेळ कालच्या ओळीत कशी लिहायची, तारीख बदलते, असं तो विचारत राहिला. त्याच्याकडे तशी नोंद आधी आलीच नव्हती. शेवटी काकांनी पेन घेतलं आणि वेळेपुढे कंसात आजची तारीख टाकली.

मग त्यांनी काखेतली चौकोनी घडी माझ्या हातात दिली. गाद्यांवरचं प्लास्टिक, सहाही खोळी, व्यवस्थित घडी केलेल्या.

"टपावर घाल. पावसाळ्यात गळेल तुझी गाडी."

मी म्हणालो, गाडी माझी नाही काका, परत करायची आहे, आणि गाद्यांवर धूळ बसेल.

"बसू दे," काका म्हणाले. "झटकता येते."

गाडी मंगळवारी परत केली, बोल्ट नवीन लावून. प्लास्टिक माझ्या कपाटात आहे.